मित्रांसोबत युरोपची रोड ट्रिप आणि वाटेत ऑशविट्झ: आखणी कुठून सुरू करायची

चार-पाच मित्र, दिवाळीची किंवा मेची सुट्टी, भाड्याची गाडी आणि मध्य युरोपचा नकाशा. अशा सहलीत ऑशविट्झ, म्हणजे पोलंडमधलं नाझी छळछावणीचं स्मारक, येतं ते बहुतेक वेळा असं: "क्राकोला जातोच आहोत, जवळच आहे, अर्ध्या दिवसात उरकू." मग तिथे पोहोचल्यावर कळतं की आजच्या वेळा भरल्यात, पाठपिशवी आत नेता येत नाही, पुढच्या हॉटेलचं चेक-इन चारशे किलोमीटरवर आहे आणि दोघांचं दाराशीच भांडण जुंपलंय.

चूक आखणीच्या क्रमात असते. हॉटेल, गाडी, विमान ठरवून उरलेल्या फटीत स्मारक बसवायचं नाही. स्मारकाचा दिवस आधी पक्का करायचा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. खाली व्हिएन्नाहून निघून व्हिएन्नालाच परतणारी वाट धरली आहे. तुमची वाट वेगळी असली तरी क्रम हाच ठेवा.

१. आधी रात्री मोजा, मग व्हिसा

नमुना असा: व्हिएन्ना दोन रात्री (गाडीशिवाय), चेक प्रजासत्ताकात ओलोमोत्स एक, पोलंडमध्ये ओश्विएन्चिम (ऑशविट्झचं गाव) एक आणि क्राको तीन, स्लोव्हाकियातून खाली उतरून बुडापेस्ट दोन, शेवटी व्हिएन्ना एक. एकूण दहा रात्री.

आता मोजा. पोलंड चार, ऑस्ट्रिया तीन, हंगेरी दोन, चेक एक. शेंगेन व्हिसाचा (या सगळ्या देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, तिथे करायचा, म्हणजे इथे पोलंडकडे. विमान व्हिएन्नाला उतरतं म्हणून ऑस्ट्रियाकडे, किंवा अमक्या देशाची तारीख लवकर मिळते म्हणून तिकडे, असं चालत नाही. मुक्काम समसमान असतील तेव्हाच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. एका मित्राने एका देशाकडे आणि दुसऱ्याने दुसऱ्याकडे, तोच प्रवासक्रम जोडून अर्ज करणं हा तर नकाराला आमंत्रण देण्याचा प्रकार.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवसांची अट कागदावर आहे, तिच्यावर विसंबू नका, कारण सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. प्रौढांची व्हिसा फी ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा आकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

*तपासा:* प्रत्येकाचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आहे का, दोन कोरी पानं आहेत का, आणि तो दहा वर्षांच्या आत काढलेला आहे का. हे काम ग्रुपमधल्या एकाने सगळ्यांचे पासपोर्ट समोर ठेवून करावं. "माझा आहे रे वैध" हे कोणाकडूनही तोंडी घेऊ नये.

२. ऑशविट्झची वेळ

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक गडबड याच टप्प्यावर होते.

प्रवेशपत्रं स्मारकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात: व्हिजिट डॉट ऑशविट्झ डॉट ओआरजी. नोंदणी साधारण तीन महिने आधी उघडते. तुमच्या तारखा खुल्या झाल्या की त्याच आठवड्यात वेळ घ्या. मार्गदर्शकाशिवायचा प्रवेश मोफत असतो, पण त्याच्या जागा थोड्या आणि बहुधा दुपारनंतरच्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्गदर्शकासह सशुल्क फेरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. फलक वाचत एकट्याने फिरलं तर माणूस पहिल्या अर्ध्या तासात खूप वाचतो आणि पुढे नुसता चालत राहतो. मराठी किंवा हिंदी फेरीची वाट पाहू नका, इंग्रजी निवडा. इंग्रजीच्या सकाळच्या वेळा आधी संपतात.

साधी फेरी साडेतीन तासांची असते. सहा तासांची अभ्यासफेरीही आहे, पण ती पूर्ण ग्रुपला आग्रहाने घ्यायला लावू नका.

नावाचा मुद्दा महत्त्वाचा. प्रवेशपत्र व्यक्तीच्या नावाचं असतं आणि दारावर ओळखपत्र पाहतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, आडनाव आधी की नंतर, याचा प्रत्येकाच्या कागदांवर वेगळा घोळ असतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. ग्रुपमध्ये ज्याला सगळे 'बंड्या' म्हणतात त्याचं पासपोर्टवरचं नाव विचारून घ्या.

*सावधान:* वेळा संपलेल्या दिसल्या की लोक क्राकोहून बसने नेणाऱ्या खासगी सहली शोधतात. तो पर्याय वाईट नाही, फक्त त्यातल्या अनेक सहली त्याच दिवशी व्हिएलिच्काची मिठाची खाणही दाखवतात. सकाळी गॅस चेंबर आणि दुपारी मिठाची झुंबरं, हे एका दिवसात घालू नका. खाण दुसऱ्या दिवशी करा, क्राकोहून ती अगदी जवळ आहे.

*तपासा:* १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार या दिवशी स्मारक बंद असतं.

३. ग्रुपशी एक बोलणं, निघण्याआधी

हा टप्पा लोक गाळतात. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून तीन गोष्टी ठरवा.

पहिली, कोणाला यायचं नसेल तर तो येणार नाही, आणि त्याला कोणी चिडवणार नाही. तो क्राकोत किंवा ओश्विएन्चिममध्ये कॉफी पीत बसू शकतो. सोबत मुलं असतील तर चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं स्मारकच सुचवतं. मग मुलांपाशी थांबणारा मोठा माणूस आधीच ठरवा, दाराशी चिठ्ठ्या टाकू नका.

दुसरी, किमान एवढं सगळ्यांना माहीत असावं: १९४० ते जानेवारी १९४५ या काळात इथे सुमारे १३ लाख माणसं आणली गेली. त्यांतली सुमारे ११ लाख मारली गेली, आणि त्यांतले जवळपास १० लाख ज्यू होते. बाकीचे पोलिश, रोमा समाजाचे लोक, सोव्हिएत युद्धकैदी आणि इतर. ही माहिती नसलेला माणूस पहिल्याच खोलीत असा एखादा प्रश्न विचारतो की शेजारचे लोक वळून पाहतात. कदाचित त्यांच्या घरातलंच कोणी इथे संपलेलं असेल.

तिसरी, जिभेवर ताबा. आपल्याकडे कडक हेडमास्तरला, साहेबाला, सासऱ्याला 'हिटलर' म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. ती इथे विमानतळावरच सोडावी.

आणि स्वस्तिकाचं. ते आपलं मंगलचिन्ह आहे, पण ऑस्ट्रिया आणि पोलंडमध्ये नाझी चिन्हं मिरवायला कायद्याने मनाई आहे आणि रस्त्यावरचा माणूस अर्थ विचारत बसत नाही. गळ्यातलं लॉकेट, किल्लीला अडकवलेला बिल्ला, टी-शर्टवरची नक्षी घरी ठेवा. भाड्याची गाडी हातात आली की बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणारा एक उत्साही प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला नारळ-साखरेवर समाधान मानायला सांगा.

४. परवाना आणि गाडी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातच, आपल्या आरटीओकडून काढायचा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज होतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना एकटा पुरत नाही. मूळ भारतीय लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि पासपोर्ट, तिन्ही प्रत्यक्ष हातात हवेत. डिजिलॉकर दाखवून नाक्यावरचा आपला हवालदार समाधानी होतो, व्हिएन्नातला काउंटरवाला होत नाही.

गाडी निवडताना डोकी मोजू नका, बॅगा मोजा. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत. सात आसनी गाडीची शेवटची रांग उघडली की डिकी उरतच नाही. चौघांना स्टेशन वॅगन, सहा-सात जणांना नऊ आसनी व्हॅन. जाणाऱ्या प्रत्येकाला एक मध्यम बॅग, हा नियम आधी लावला तर भाड्यात बरीच बचत होते.

बुकिंग करताना चार गोष्टी लेखी घ्या:

- कोणकोणत्या देशांत गाडी नेणार त्यांची नावं आणि त्याची परवानगी. विचारलं नाही तर अपघातात विमा लागू होत नाही.
- दुसऱ्या चालकाचं नाव. करारात नाव नसलेल्याने "फक्त दहा मिनिटं" चालवणं म्हणजे विनाविमा चालवणं.
- मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. मित्राचं कार्ड किंवा डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत ना, मर्यादा पुरेशी आहे ना, हे निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपवर पाहा.
- ऑटोमॅटिक गाडी. तिथे मागितल्याशिवाय मॅन्युअल मिळते. उजव्या हाताने गिअर बदलणं आणि उजव्या बाजूने चालवणं दोन्ही एकाच दिवशी शिकायची गरज नाही.

*सावधान:* रात्रभराचं विमान करून उतरलात की त्याच सकाळी गाडी ताब्यात घेऊ नका. म्हणूनच वरच्या आखणीत व्हिएन्नाच्या पहिल्या दोन रात्री गाडीशिवाय आहेत. शहर ट्रामने आणि मेट्रोने फिरा, पार्किंगचे पैसे वाचतात आणि झोपही होते.

५. विनियेट: गाडीचा नंबर हातात आल्यावरच

आपल्या फास्टॅगसारखं एकच काहीतरी सगळीकडे चालेल असं समजून लोक निघतात. तसं नाही. ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत महामार्गासाठी विनियेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलपास, लागतं. चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत ते पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे काचेवर काही चिकटवायचं नाही, कॅमेरा थेट नंबर वाचतो. म्हणून ते घरून काढता येत नाही; भाड्याच्या गाडीचा नंबर किल्लीसोबतच कळतो.

काउंटरवर उभे असतानाच क्रम असा: ऑस्ट्रियाचं विनियेट गाडीवर आधीच आहे का विचारा (व्हिएन्नात घेतलेल्या गाडीवर बहुधा असतं). मग तिथल्याच वायफायवर चेकचं काढा. स्लोव्हाकिया आणि हंगेरीचं क्राकोत निवांत बसून काढलं तरी चालेल, पण सीमा ओलांडण्याआधी.

*तपासा:* नंबरातलं शून्य आणि इंग्रजी ओ अक्षर, नोंदणीचा देश (ऑस्ट्रिया, भारत नव्हे) आणि सुरुवातीची तारीख. तिन्हींपैकी एक चुकलं तर विनियेट नसल्यातच जमा.

*सावधान:* शोधयंत्रात वर येणारी संकेतस्थळं बरेचदा दलालांची असतात आणि जादा पैसे लावतात. चेकचं सरकारी संकेतस्थळ एडाल्नित्से, स्लोव्हाकियाचं एझ्नाम्का. हंगेरीचं न सापडल्यास सीमेजवळच्या पेट्रोल पंपावरही मिळतं.

पोलंडमध्ये छोट्या गाड्यांना विनियेट नाही. सरकारी महामार्ग जुलै २०२३ पासून मोटारींना मोफत आहेत. कातोवित्से ते क्राको हा ए-४ चा पट्टा मात्र खासगी कंपनीकडे असल्याने तिथे नाक्यावर टोल भरावा लागतो, कार्ड चालतं.

६. पहिले दोनशे किलोमीटर

व्हिएन्ना ते ओलोमोत्स साधारण दोनशे किलोमीटर. पहिल्या दिवशी याहून जास्त ठेवू नका. पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी दहा मिनिटं आतच फिरवा. वळायचं ठरवाल आणि वायपर सुरू होईल, कारण इंडिकेटर डाव्या दांडीवर असतो. हसून घ्या, पण आतच.

बाहेर पडल्यावर आपले चालक हमखास कुठे चुकतात ते सांगतो. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क, हे पहिलं. खुणा नसलेल्या चौकात उजव्या गल्लीतून आलेली गाडी आधी जाते, तुमचा रस्ता रुंद असला तरी. पाटीवर पांढऱ्या चौकटीतला पिवळा तिरका चौकोन दिसला की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, तेव्हा हक्क तुमचा. गोल चौकात फिरणं आपल्या उलट दिशेने, आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवलेल्या माणसासाठी थांबायचंच. हॉर्न वाजवून त्याला पळवायचं नसतं.

पोलंडमध्ये लाल दिव्याशेजारी छोटा हिरवा बाण लागतो. त्याचा अर्थ थेट वळा असा नाही: आधी पूर्ण थांबा, पाहा, मग वळा. महामार्गावर वाहतूक तुंबली की डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवायची, सायरन ऐकू येण्याआधीच. पोलंड, चेक आणि स्लोव्हाकियात दिवसाही हेडलाइट लागतात.

वेगमर्यादा गावात ५०, महामार्गावर ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरीत १३० आणि पोलंडमध्ये १४०. पोलंडमध्ये काही पट्ट्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तेव्हा कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून उपयोग नाही. दारूबाबत वाद नको: चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत चालकाला शून्य, पोलंडमध्ये जवळजवळ शून्य. आदल्या रात्रीची बिअर सकाळी रक्तात असू शकते. म्हणून उद्याचा चालक आजच ठरवा आणि त्याच्यापुढे ग्लास ठेवू नका.

पेट्रोल स्वतः भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. नळीवर गोलात 'ई' म्हणजे पेट्रोल, चौकोनात 'बी' म्हणजे डिझेल.

सीमांवर एरवी कोणी थांबवत नाही, पण अधूनमधून तपासण्या पुन्हा सुरू होतात. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवेत.

७. आदल्या रात्री ओश्विएन्चिम

रस्त्यावरच्या पाट्यांवर 'ऑशविट्झ' शोधाल तर गाव सापडणार नाही. गावाचं नाव ओश्विएन्चिम आहे, आणि बिर्केनाऊ, म्हणजे ऑशविट्झची दुसरी, मोठी छावणी, ज्या गावात आहे ते ब्झेझिंका. जीपीएसमध्ये स्मारकाच्या संकेतस्थळावर दिलेला पत्ता जसाच्या तसा टाका.

बहुतेक लोक क्राकोत राहून सकाळी सत्तरेक किलोमीटर येतात. माझी पसंती ओश्विएन्चिममध्येच आदली रात्र काढण्याला. सकाळच्या वेळेला कोंडीची धाकधूक राहत नाही, आणि बॅगा दुपारपर्यंत हॉटेलात ठेवता येतात. सामानाने भरलेली परदेशी नंबराची गाडी दिवसभर पार्किंगमध्ये उभी करणं टळतं. हॉटेलला हे बुकिंग करतानाच विचारा. दुसऱ्या दिवशी रविवार येत असेल तर खाणं शनिवारीच घ्या, पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. शाकाहारी मंडळींना बटाटा आणि चीजचे 'प्येरोगी रुस्क्ये' जवळपास सगळीकडे मिळतात. वर तळलेल्या चरबीचे तुकडे घालत नाहीत ना, तेवढं विचारून घ्या.

८. स्मारकाचा दिवस

1. पोटभर न्याहारी. आत खाता येत नाही.
2. पिशवी लहान, पर्सएवढी किंवा फार तर ए-फोर कागदाच्या आसपासची. मोठी पाठपिशवी हॉटेलातच.
3. बंद बूट आणि वारा अडवणारं जॅकेट. बिर्केनाऊ सुमारे १७० हेक्टरचं उघडं मैदान आहे, तिथे मे महिन्यातही थंड वारं लागतं आणि पावसात चिखल होतो.
4. वेळेच्या अर्धा तास आधी दाराशी. विमानतळासारखी सुरक्षा तपासणी असते. रस्त्यावर हात करून बोलावणाऱ्या खासगी पार्किंगवाल्यांकडे वळण्याआधी स्मारकाचं अधिकृत पार्किंग पुढे आहे का ते पाहा.
5. फेरी पहिल्या छावणीत सुरू होते. हेडफोन देतात, मार्गदर्शक हळू आवाजात बोलतो. मागे रेंगाळून आपसात मराठीत चर्चा करू नका. भाषा कळली नाही तरी हसणं सगळ्यांना कळतं.
6. मधल्या सुट्टीत शौचालय उरकून मोफत बसने बिर्केनाऊ. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर.

*सावधान:* फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, फ्लॅश नाही. दोन जागी कॅमेरा पूर्ण बंद: ब्लॉक ४ मधली कैद्यांच्या केसांची खोली आणि ब्लॉक ११ चं तळघर. बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो लोक काढतात. तसं करू नका अशी जाहीर विनंती स्मारकाला २०१९ मध्ये करावी लागली होती. फाटकासमोर ग्रुप सेल्फीही नको. त्या दिवसाचं स्टेटस दुसऱ्या दिवशी टाकलं तर काही बिघडत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिली छावणी पाहून "बाकी तसंच असेल" म्हणत बिर्केनाऊ गाळणं. मारल्या गेलेल्या बहुतेकांचा शेवट तिथे झाला. पहिल्या छावणीत विटांच्या इमारती आणि प्रदर्शनं आहेत. त्या हत्याकांडाचा आकार किती होता हे बिर्केनाऊच्या मोकळ्या जमिनीवर उभं राहिल्यावरच लक्षात येतं. वेळ कमी पडत असेल तर दुसरं काहीतरी कापा.

९. त्या दुपारनंतर

फक्त क्राको, सत्तर किलोमीटर. त्या दिवशी बुडापेस्ट गाठायचा बेत करू नका. चालक तोच असेल तर अर्धा तास बसू द्या, चहा घेऊ द्या. काही जण खूप बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत, काहींना लगेच विनोद सुचतात. तिघांनाही तसंच राहू द्या. संध्याकाळी पब किंवा क्लबचं आगाऊ बुकिंग ठेवू नका. वाटलं तर तेव्हा ठरवता येतं.

क्राकोच्या जुन्या गावात गाडी नेता येत नाही. पार्किंग असलेलं हॉटेल जरा बाहेर घ्या आणि तीन दिवस गाडीला हात लावू नका. गप्पांच्या ओघात महाराष्ट्राचं नाव निघालं तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उल्लेख करून पाहा. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते, आणि वयस्कर पोलिश माणसाला हे नाव माहीत असण्याची बरीच शक्यता असते.

१०. खाली उतरणं आणि गाडी परत करणं

क्राको ते बुडापेस्ट चारशेच्या आसपास किलोमीटर, पण मधला बराच भाग डोंगरातला साधा रस्ता आहे. पूर्ण दिवस धरा. वाटेतल्या झाकोपाने या डोंगरी पर्यटनगावाकडे जाणारा रस्ता शनिवार-रविवारी तुंबतो, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी निघा. स्लोव्हाकियाचं आणि हंगेरीचं विनियेट निघण्याआधी पुन्हा एकदा उघडून पाहा.

कार्ड मशीनने "रुपयांत की झ्लॉटीत" विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर मशीनवाला स्वतःच्या फायद्याचा लावतो. हंगेरीत फोरिंट, चेकमध्ये कोरुना, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो.

परत करण्याआधी व्हिएन्नात टाकी भरा आणि पावती ठेवा. गाडी घेताना काढलेल्या फोटोंच्याच कोनातून पुन्हा फोटो काढा: चारी बाजू, चाकांच्या रिम, काच, छत, मीटरवरचे किलोमीटर. कर्मचाऱ्यासमोर तपासणी करून सही घ्या. किल्ली पेटीत टाकून विमानतळाकडे पळू नका. वेगाचे किंवा पार्किंगचे दंड काही महिन्यांनीही येतात आणि भाडे कंपनी त्यावर आपलं शुल्क लावते. तेव्हा कोणत्या दिवशी कोण चालवत होतं याची यादी ग्रुपवर जपून ठेवा, आणि अनामत रक्कम सुटेपर्यंत हिशोब पूर्ण झाला असं जाहीर करू नका.